जुन्या पुस्तकाचं ध्वनिमुद्रण: प्रस्तावना, तळटिपा, शुद्धिपत्र, जाहिराती... काय वाचायचं आणि काय गाळायचं?

पाणपोई

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून एक जुनं मराठी प्रवासवर्णन वाचून ध्वनिमुद्रित करणार आहोत. काम हौसेचं, फाइली सगळ्यांना फुकट. पहिली आवृत्ती १९१२ ची, लेखक १९२६ साली वारले. हाताशी दोन प्रती आहेत. एक १९१२ च्या छपाईचं स्कॅन. दुसरी १९६८ साली एका संपादकांनी काढलेली आवृत्ती. ही दुसरी वाचायला फार सोपी, कारण टाइप मोठा, परिच्छेद पाडलेले आणि शुद्धलेखन नव्या नियमांचं.

मुख्य मजकूर २१२ पानं. त्याच्या आगेमागे बराच पसारा आहे: अर्पणपत्रिका, लेखकाची चार पानी प्रस्तावना, प्रकाशकाचे दोन शब्द, १९६८ च्या संपादकांची २६ पानी प्रस्तावना, अनुक्रमणिका, आश्रयदात्यांची यादी, शुद्धिपत्र, सहा चित्रं, प्रवासखर्चाचं कोष्टक, शेवटी व्यक्तिस्थलसूची आणि प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती. तळटिपा दीडशेच्या घरात. लेखकाच्या टिपांना फुली आहे, संपादकांच्या टिपांना आकडा.

आमच्यातच दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, छापलंय ते सगळं वाचायचं. दुसऱ्याचं म्हणणं, ऐकणाऱ्याला प्रवास ऐकायचाय, बाकीचं कशाला? चौघांनी आपापल्या मर्जीने वाचलं तर पुस्तकाची खिचडी होणार, एवढं कळतंय. नियम काय ठेवावा?

---

उंबरठा

आवडीनिवडीचा प्रश्न नंतर, आधी हक्काचा. तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी वाद न घालताच गळतात.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं हक्क (कॉपीराइट) चालतो आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून होते. तुमचे लेखक १९२६ साली गेले, म्हणजे त्यांचा मजकूर केव्हाच मोकळा झालाय. पण संपादकांची प्रस्तावना आणि त्यांच्या आकडेवाल्या टिपा हे संपादकांचं स्वतंत्र लेखन आहे. जो माणूस १९६८ साली जिवंत होता, त्याचं लेखन २०२८ संपेपर्यंत तरी मोकळं होत नाही. तो नंतर वारला असेल तर तितकी वर्षं आणखी पुढे. वारसांची लेखी परवानगी मिळाली तर ठीक, नाहीतर ती २६ पानं आणि त्या टिपा बाजूला ठेवा. मूळ पुस्तक जुनं म्हणून नव्या आवृत्तीतलं सगळंच जुनं, हा गैरसमज अशा कामात सर्रास दिसतो. अनुवादाचंही तेच. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेलेला असला तरी अनुवादकाची ६० वर्षं वेगळी मोजायची.

फाइली कुठे चढवणार, तेही आत्ताच ठरवा. लिब्रिव्हॉक्स (हौशी वाचकांच्या ध्वनिपुस्तकांचं संकेतस्थळ) आणि इंटरनेट आर्काइव्ह (फुकट डिजिटल संग्रहालय) अमेरिकेतले. लिब्रिव्हॉक्स पुस्तक घेताना अमेरिकेचा कायदा पाहतं आणि तिथे १ जानेवारी २०२६ पासून १९३० पर्यंत प्रकाशित झालेली पुस्तकं मोकळी आहेत. तुमचं १९१२ चं आहे, त्यामुळे अडचण नाही. पुढचं पुस्तक निवडताना मात्र जपा. समजा लेखक १९५० साली वारले आणि पुस्तक १९३६ चं आहे. भारतात ते २०११ पासून मोकळं, अमेरिकेत मात्र प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०३१ संपेपर्यंत अडकलेलं.

आणखी एक. लिब्रिव्हॉक्सवर गेलेलं वाचनही पब्लिक डोमेनमध्ये जातं, म्हणजे कोणालाही वापरायला मोकळं होतं. उद्या कोणी त्याची सीडी काढून विकली तरी तक्रार करता येत नाही. चौघांनाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पुढे रुसवेफुगवे.

---

दोरीचा पूल

हक्काची चाळणी लागल्यावर जे उरतं, त्याबद्दल.

'वाचायचं की गाळायचं' असा प्रश्न टाकला की भांडण होणारच. त्याऐवजी 'हे मुख्य मजकुराच्या फाइलीत की वेगळ्या फाइलीत' असं विचारा. अर्ध्याहून जास्त वाद तिथेच मिटतात. सावकाश, स्पष्ट वाचनात मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. पानाला ३०० शब्द धरले तर एका पानाला अडीच मिनिटं. संपादकांच्या प्रस्तावनेची परवानगी मिळाली असं धरून चाला: २६ पानं म्हणजे तासाभराहून जास्त. ती पहिल्या प्रकरणाच्याच फाइलीत घातली, तर प्रवास ऐकायला आलेला माणूस स्टेशनवर पोचायच्या आत परत फिरेल. तीच स्वतंत्र फाइल केली, आणि तीही शेवटी ठेवली, तर कुणालाच त्रास नाही. संपादकाच्या प्रस्तावनेत बहुतेक वेळा पुढे काय घडतं ते सांगून टाकलेलं असतं, त्यामुळे ती शेवटीच शोभते.

लेखकाची चार पानी प्रस्तावना मात्र सुरुवातीला आणि वाचायचीच. दहा मिनिटांचा मामला आहे. जुन्या प्रवासवर्णनांत लेखक कुठल्या साली, कोणाबरोबर, कशासाठी निघाला हे अनेकदा प्रस्तावनेतच असतं आणि पुढे मजकुरात ते माहीत आहे असं धरून लिहिलेलं असतं. अर्पणपत्रिका दोन ओळींची असेल, ती प्रस्तावनेच्या आधी त्याच फाइलीत. प्रकाशकाचे दोन शब्द वाचून बघा. त्यात हस्तलिखित कसं मिळालं, कुठला भाग वगळला अशी माहिती असेल तर घ्या. नुसते आभार आणि 'गोड मानून घ्यावे' असेल तर सोडा.

अनुक्रमणिका वाचू नका. फाइलींची नावं नीट दिली की तीच अनुक्रमणिका. सूचीही नको, कारण तिच्यातले पानांचे आकडे ऐकून काही उपयोग नाही. जाहिराती नकोत. आश्रयदात्यांची यादी गावांच्या नावांसकट इतिहासाच्या अभ्यासकाला मोलाची असते, पण ती कानाने ऐकायची गोष्ट नाही. स्कॅनचा दुवा फाइलींसोबतच्या माहितीच्या पानावर द्या, ज्याला हवी तो पाहील.

शुद्धिपत्राकडे मात्र दुर्लक्ष नको. ते वाचायचं नसतं, वापरायचं असतं. मुद्रणाला बसण्याआधी एकाने प्रतीवर पेन्सिलीने सगळ्या दुरुस्त्या करून ती प्रत चौघांना द्यावी. शुद्धिपत्रात चुकीची जागा पान आणि ओळीच्या आकड्याने दिलेली असते; त्या ओळी मोजताना गंमत होते. काही शुद्धिपत्रं प्रकरणाचं नाव ही पहिली ओळ धरतात, काही धरत नाहीत. काही ठिकाणी 'खालून' असा बारीक शब्द असतो. पहिल्या तीन-चार दुरुस्त्या जुळवून पाहिल्या की मोजणीची रीत कळते. दुरुस्ती केल्याचं वाचताना सांगायचं नाही. लेखकानेच केलेली ती दुरुस्ती आहे.

तळटिपांचं गणित आधी मांडा. दीडशे टिपा सरासरी २५ शब्दांच्या धरल्या आणि प्रत्येकीमागे 'टीप' आणि 'टीप संपली' म्हणायला तीन सेकंद धरले, तरी एकूण चाळीस मिनिटांच्या आत. सगळं पुस्तक नऊ तासांच्या आसपास जाईल. म्हणजे तळटिपांनी पुस्तक फुगतं ही तक्रार खरी नाही. रसभंग होतो तो टीप चुकीच्या जागी वाचल्याने. वाक्याच्या मधे फुली आली म्हणून तिथेच थांबून टीप वाचली, तर क्रियापद येईपर्यंत ऐकणारा कर्ता विसरलेला असतो. वाक्य पूर्ण करा, अर्धा सेकंद थांबा, आवाज किंचित खाली घेऊन 'टीप' म्हणा, टीप वाचा, 'टीप संपली' म्हणा, पुन्हा अर्धा सेकंद, मग पुढचं वाक्य. चार-पाच ओळींहून मोठी टीप असेल तर परिच्छेद संपेपर्यंत थांबा. पानभर असेल तर प्रकरणाच्या शेवटी, आणि फुलीच्या जागी 'यावरची टीप प्रकरणाच्या शेवटी' एवढंच.

नुसता ग्रंथसंदर्भ देणारी टीप, म्हणजे अमुक पुस्तक, तमुक पृष्ठ, ही गाळायला माझी हरकत नाही. शब्दाचा अर्थ सांगणारी आणि लेखकाने मनातलं बोलून घेतलेली टीप कधीच गाळू नये. कित्येक जुन्या लेखकांचा खरा तिखटपणा टिपांतच असतो.

लिब्रिव्हॉक्सच्या नियमांतही प्रस्तावना आणि तळटिपा ऐच्छिकच आहेत. मुख्य मजकूर मात्र गाळायचा नाही आणि बदलायचा नाही. जातिवाचक, स्त्रियांना कमी लेखणारे, आज खटकणारे उल्लेख १९१२ च्या पुस्तकात येणारच. ते सौम्य करून वाचणं म्हणजे दुसरंच पुस्तक वाचणं. फार वाटलं तर माहितीच्या पानावर एक ओळ लिहा.

---

कानसेन

दोरीचा पूल यांच्याशी बराचसा सहमत, एक गोष्ट सोडून: ग्रंथसंदर्भाच्या टिपा गाळणं. डोळस वाचक टीप बघून पुढे सरकतो. ती सोडायची की नाही हे तो ठरवतो. ऐकणाऱ्यासाठी ते वाचणाऱ्याने परस्पर ठरवू नये. दृष्टिहीन विद्यार्थ्याला प्रबंधात हेच संदर्भ लागतात.

शिवाय डेझी, म्हणजे दृष्टिहीन वाचकांसाठीच्या बोलक्या पुस्तकांचं स्वरूप, त्यात हा पेच राहतच नाही. डेझी पुस्तकात शीर्षकांचे सहा स्तर देता येतात. पानांचे आकडे, तळटिपा, चौकटी आणि निर्मात्याच्या नोंदी 'वगळता येण्याजोग्या' म्हणून खुणावता येतात. ऐकणारा आपल्या यंत्रावर टिपा एकदा बंद करून ठेवतो, हव्या तेव्हा चालू करतो. त्यासाठी प्रत्येक टीप आणि प्रत्येक पानाचा आकडा वेगळा तुकडा म्हणून मुद्रित असावा लागतो. डेझी कन्सॉर्शियमचं ओबी हे विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. माणसाच्या आवाजातलं डेझी पुस्तक त्यात मुद्रणासकट तयार होतं, ईपब ३ (ई-पुस्तकाचं स्वरूप) सुद्धा काढता येतं. साध्या एमपी-३ मध्ये टीप वाक्याला चिकटून वाचली, की पुढे डेझी करणाऱ्याला ती सोडवताना नाकी नऊ येतात. टिपेच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ अर्धा सेकंद शांतता ठेवलीत तरी त्याच्यावर उपकार होतील.

चित्रांबद्दल कोणी बोललं नाही. चित्राखालची ओळ जशीच्या तशी वाचा. मग 'चित्रवर्णन' म्हणून दोन वाक्यं, तीही फक्त दिसतं तेवढंच सांगणारी: 'घाटाच्या पायऱ्या, खाली नांगरलेल्या चार नावा, डावीकडे देवळाचा कळस.' 'मनोहर', 'भव्य' असले शब्द नकोत. वर्णन संपल्यावर 'वर्णन संपलं' म्हणा, म्हणजे लेखकाचं कुठलं आणि तुमचं कुठलं ते कळतं. वर्णन चित्र छापलंय त्या पानावर न येता परिच्छेदाच्या शेवटी यावं. जुन्या पुस्तकांत चित्रांची पानं छपाईच्या सोयीने कुठेही शिवलेली असतात.

हक्कांबद्दल उंबरठा यांनी लिहिलंय त्यात एक भर. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५२ (१) (झेड-बी) प्रमाणे हक्क चालू असलेलं पुस्तकही दिव्यांग व्यक्तींसाठी ना-नफा तत्त्वावर सुगम्य स्वरूपात आणता येतं. त्यामुळे ती १९६८ ची प्रस्तावना डेझी प्रतीत घेऊन दृष्टिहीन वाचकांच्या ग्रंथालयाला देता येईल. पण तीच फाइल यूट्यूबवर टाकता येणार नाही, कारण प्रत इतरांच्या हाती जाऊ नये याची काळजी घेण्याची अट त्याच कलमात आहे. म्हणजे दोन संच करा: सर्वांसाठी १९१२ चा मजकूर, आणि ग्रंथालयासाठी तोच, अधिक प्रस्तावना आणि आकडेवाल्या टिपा.

---

मोडीवाला

वाचायचं काय हे ठरलं तरी कसं वाचायचं यावर चौघांत फरक पडतो आणि तो काय गाळलं यापेक्षा जास्त कानाला लागतो. मुद्रणाआधी हे लिहून काढा.

खर्चाच्या कोष्टकात जुने अपूर्णांक असणार. आकड्यापुढे एक दंड (उभी रेघ) म्हणजे सव्वा, दोन दंड म्हणजे साडे, तीन दंड म्हणजे पुढच्या आकड्याला पाव कमी. '३।' सव्वातीन, '३॥' साडेतीन, '३॥।' पावणेचार, '१॥' दीड, '२॥' अडीच. आजच्या वाचकाला हे दंड पूर्णविराम वाटतात किंवा स्कॅनमध्ये तो त्यांना अकरा वाचतो, आणि टांग्याचं साडेतीन रुपये भाडं तीनशे अकरा होऊन बसतं. '१-४-०' म्हणजे एक रुपया चार आणे. शून्य पै बोलायची गरज नाही. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. हल्लीच्या पैशांत रूपांतर करून सांगू नका; कोसांचे किलोमीटरही नकोत आणि शकांचे इसवी सनही. पुस्तकात नाही ते घालणं हेही गाळण्याइतकंच वाईट.

कोष्टक वाचताना आधी नाव, मग रकाने किती आणि कुठले, मग ओळीओळीने. तीनच रकाने असले तर दर ओळीला रकान्याचं नाव पुन्हा घेऊ नका. पाच-सहा असले तर घ्याच, नाहीतर चौथ्या ओळीला ऐकणारा हरवतो. शेवटची बेरीज ताडून बघा. चुकली असेल तर छापील आकडाच वाचायचा, चूक माहितीच्या पानावर नोंदवायची.

संक्षेप उलगडूनच वाचा: 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, 'कै.' म्हणजे कैलासवासी, 'ता.' तारीख की तालुका हे संदर्भाने.

१९१२ च्या प्रतीत अनुच्चारित अनुस्वार भरपूर असतील. १९६२ च्या नियमांनी ते गेले, पण त्याआधीही ते बोलण्यात नव्हते. 'नांव', 'गांवांत', 'मीं' नाकात वाचू नका. 'झालें', 'केलें' हे 'झालं', 'केलं' असं वाचावं. 'झाले' वाचलंत तर नपुंसकलिंगी एकवचनाचं पुल्लिंगी अनेकवचन होतं आणि वाक्याचा अर्थच हलतो. पद्यात मात्र यमक सांभाळायला एकारच ठेवा. संस्कृत श्लोक पूर्ण वाचा, खालचा मराठी अर्थही वाचा, श्लोकाचा आकडा सोडा.

---

पाणपोई

सगळ्यांचे मनापासून आभार. संपादकांची प्रस्तावना आणि टिपा सर्वांसाठीच्या संचातून काढतो. फुलीच्या टिपा सगळ्या वाचणार, संदर्भाच्याही. कानसेन यांचं म्हणणं पटलं.

आता नवी अडचण. १९१२ च्या स्कॅनमध्ये पृष्ठ ९७-९८ चं पानच नाही. ते १९६८ च्या प्रतीतून वाचलं तर चालेल का? आणि काय वाचलं, काय सोडलं हे सुरुवातीला सांगायचं तर किती सांगायचं?

---

दोरीचा पूल

मजकूर लेखकाचाच असेल तर हक्काची अडचण नाही. शंका आहे ती संपादकांनी हात फिरवला असण्याची. १९१२ च्या प्रतीतली ९६ आणि ९९ ही पानं आणि १९६८ च्या प्रतीतला तोच मजकूर समोरासमोर ठेवून शब्दन् शब्द ताडा. नुसते अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ बदलले असतील तर खुशाल घ्या. शब्द बदललेले, वाक्यं जोडलेली किंवा तोडलेली दिसली तर १९१२ चीच दुसरी प्रत शोधा. जुन्या सार्वजनिक वाचनालयांत विचारा, दोन पानांचा फोटो पुरतो.

आवृत्ती बदलली की पुस्तक किती बदलतं याचं मराठीतलं ठळक उदाहरण म्हणजे गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी ते छापलं ते स्वतःचे फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. त्यामुळे 'माझा प्रवास वाचलं' एवढं सांगून भागत नाही, कुठलं ते सांगावं लागतं.

निवेदन पहिल्या फाइलीत, अर्ध्या मिनिटाच्या आत. साधारण असं: 'हे वाचन १९१२ च्या पहिल्या आवृत्तीवरून केलं आहे. पृष्ठ ९७ आणि ९८ चा मजकूर १९६८ च्या आवृत्तीतून घेतला आहे. लेखकाच्या सर्व तळटिपा त्या त्या वाक्यानंतर वाचल्या आहेत. शुद्धिपत्रातल्या दुरुस्त्या मजकुरात केल्या आहेत. अनुक्रमणिका, आश्रयदात्यांची यादी, सूची आणि जाहिराती वाचलेल्या नाहीत.' ९७ व्या पानाशी पुन्हा थांबून काही सांगू नका. पुढच्या फाइलींत फक्त पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकरणाचा आकडा आणि नाव. लिब्रिव्हॉक्सवर टाकणार असाल तर त्यांचं ठरलेलं निवेदन प्रत्येक फाइलीत लागतं, ते वेगळं.

---

उंबरठा

फाइलींचं थोडक्यात. एमपी-३, मोनो, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १२८ केबीपीएस, आवाजाची पातळी ८९ डेसिबलच्या आसपास. सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद शांतता, शेवटी पाच सेकंद. ही लिब्रिव्हॉक्सची मापं, बाकी ठिकाणीही चालतात. चौघांच्या खोल्या वेगळ्या, माइक वेगळे, म्हणून प्रत्येकाने आधी एकाच पानाचा नमुना पाठवावा. ते पान मुद्दाम असं निवडा की त्यात एक टीप, एक श्लोक आणि दंडवाला एखादा आकडा असेल. नमुने एकापाठोपाठ ऐकले की कोण 'टीप' कशी म्हणतंय, कोण किती थांबतंय ते लगेच उघडं पडतं, आणि दुरुस्ती एका पानाची होते, साठ पानांची नाही.

फाइलीचं नाव रोमन अक्षरांत, मधे रिकामी जागा न सोडता, पुढे तीन आकडी क्रमांक. प्रस्तावनेला ०००, पहिल्या प्रकरणाला ००१. प्रस्तावनेला ००१ दिलंत, तर पहिलं प्रकरण ००२ होतं आणि शेवटपर्यंत आकडे एकाने चुकत राहतात.

तपासणीला वाचणाऱ्याखेरीज दुसरा माणूस हवा, आणि त्याच्यासमोर पेन्सिलीने दुरुस्त केलेली प्रत हवी, मूळ स्कॅन नको. नाहीतर तो शुद्धिपत्राप्रमाणे बरोबर वाचलेलं सगळं चूक म्हणून परत पाठवेल.